अण्णांनी सुचवलेलं आणि आम्ही न वाचलेलं

अण्णांच्या नावाने सकाळपासून गळे काढणाऱ्यांपैकी एकानेही त्यांनी सुचवलेलं एकसुद्धा पुस्तक वाचलेलं नाही.

मी धरून.

आज त्यांना जाऊन महिना झाला. म्हणून बेंगळुरूतल्या आमच्या मराठी ग्रुपवर फुलं, दिवे, जोडलेले हात.
एकाने लिहिलंय, "चालतंबोलतं ग्रंथालय हरपलं."
अरे, त्या ग्रंथालयाची पायरी तरी कधी चढलास का?

जे त्यांना ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. अण्णा येलहंक्याचे, शहराच्या पार उत्तर टोकाचे. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. त्यांचे आजोबाच इकडे आले, त्यामुळे मराठीत कन्नड सहज यायचं.

दर शनिवारी ते ग्रुपवर तीन गोष्टी सुचवायचे. एक पुस्तक, एक सिनेमा, एक वेब सिरीज. एका बोटाने टाइप करून.

स्टार-बिर द्यायचे नाहीत. लिहायचे, "हा सिनेमा सासूबाईंबरोबर बघू नये, दोन दिवस अबोला होतो."
किंवा, "पहिले तीन भाग सहन करा. चौथ्याला ताटातलं जेवण गार होईल."
एकदा कन्नड सिनेमा सुचवला आणि खाली लिहिलं, "सबटायटल्स आहेत. इतकी वर्षं इथलं पाणी पिताय, दोन तास द्या."

यावर आम्ही काय करायचो? अंगठा.
न बघता, न वाचता, सिग्नलला थांबल्या थांबल्या अंगठा.

मग कुणाला तरी वाटलं की ग्रुप "relevant" राहायला हवा. फ्लॅट, कामवाली, शाळेची ॲडमिशन एवढंच असावं. चक्क पोल घेतला. अण्णांच्या शनिवारच्या पोस्ट चालू ठेवायच्या की नाही?

बहुमताने नाही. आज सर्वांत मोठा फुलांचा गुच्छ टाकलाय तो पोल घेणाऱ्यानेच. लाज कशी वाटत नाही, मला खरंच कळत नाही.

मी मत दिलं नाही. मीटिंगमध्ये होते.
त्याच मीटिंगमध्ये मी एक साडी ऑर्डर केली, हेही सांगून टाकते.

अण्णांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. ग्रुपवर गप्प झाले.
पण गणपतीच्या कार्यक्रमात भेटले तेव्हा पिशवीतून एक जुनी कादंबरी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ही तुझ्यासाठी आणलीये.

ती सर्जापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये चार महिने मायक्रोवेव्हवर पडून होती.

मग एकदा त्यांचा मेसेज आला, झाली का वाचून? मला नाही म्हणवेना. मी लिहिलं, "हो अण्णा! मस्तच. शेवट तर अप्रतिम!"

त्यांचं उत्तर आलं, "सरी, ठीक आहे. परत द्यायची घाई नाही. स्वल्प दिवस राहू दे तुझ्याकडे."

मला वाटलं, सुटले.

अण्णा गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मी ती कादंबरी उघडली. शरमेने उघडली, पण दोन दिवस खाली ठेवता आली नाही. दोनशे बारा पानं झाली, वाक्य अर्ध्यात तुटलं आणि पुढे थेट मागचं कव्हर.

शेवटची पानं त्या पुस्तकात नव्हतीच.

मला माझाच इतका राग कधी आला नव्हता.

परवा रविवारी येलहंक्याला गेले, पुस्तक परत करायला. दीड तास लागला. इतकी वर्षं "ट्रॅफिक फार असतं" म्हणून जे अंतर मी टाळलं, ते एवढंच.

अक्का, म्हणजे अण्णांच्या मिसेस, घरीच होत्या. कॉफी दिली. पुस्तक बघून आत गेल्या आणि पिना मारलेले झेरॉक्सचे कागद घेऊन आल्या. शेवटची बारा पानं. वर अण्णांच्या अक्षरात माझं नाव.

मी विचारलं, "मी शेवट आवडला असं लिहिलं होतं, ते त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

"मला वाचून दाखवलं की. हसले थोडे," अक्का म्हणाल्या. "मग दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन ही पानं काढून आणली. म्हणाले, पोरगी खरंच वाचेल तेव्हा मागायला येईल."

त्यांनी मला खोटं पाडलं नाही. वाट बघितली.

म्हणून ग्रुपवर मी आज काही लिहिलेलं नाही. तिथे अजून अंगठेच पडतायत.

इथे लिहिते.

अण्णा, ती बारा पानं काल वाचली. नायिकेने शेवटी त्या घरात परत जावं, हे मला अजिबात पटलेलं नाही. तिने जायला नको होतं. यावर मला तुमच्याशी तासभर भांडायचंय, आणि तुम्ही नाही.

मनापासून नमस्कार, अण्णा. उशीर माझा झाला.