माझ्या बापाचा वर्तमानकाळ

इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. द सन राइजेस इन द ईस्ट. द काऊ गिव्ह्ज मिल्क. तिसरं लिहायच्या आधी त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं, हर फादर बीट्स द ड्रम.

मराठीत समजावून सांगितलं. "जे कायम घडतं, कधी बदलत नाही, त्याला साधा वर्तमानकाळ. सूर्य उगवतो. गाय दूध देते. हिचा बाप हलगी वाजवतो."

वर्ग हसला. पुढच्या बाकांवर सगळी उसाच्या बागायतदारांची पोरं. आमच्या गावच्या पाटलाचा धाकटा बाकावर हलगीचा ठेका धरून बडवायला लागला. सरांनी त्याला अडवलं नाही. मला उभं केलं आणि तिसरं वाक्य भूतकाळात कर म्हणाले. मी बीटेड म्हणाले. त्यांना तेच पाहिजे होतं.

"बीटचा भूतकाळ बीटच. काळ बदलला तरी हे बदलत नाही. मांगासारखं."

मी तशीच उभी. आमच्या मांगवाड्यातनं आष्ट्याच्या शाळेला चालत जाऊन नववीपर्यंत पोचलेली मी एकटी पोरगी. रडले असते तर त्याचंबी हसूच झालं असतं.

हलगीची लाज मला कधीच नव्हती. बा तिचं कातडं जाळावर शेकायचा, कानाशी धरून हळूच टिचकी मारायचा, आणि वाजवायला लागला की अंगावर काटा यायचा. लाज होती ती बोलावण्याची. 'ए मांगा, चल' म्हटलं की जायचं. उन्हात उभं राहून वाजवायचं. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर लांब बसून, वाढतील ते खायचं.

घरी मी सगळं सांगितलंच नाही. पोरं हसली, एवढंच बोलले. बा म्हणाला, "कानात बोळं घालून शीक. त्यांच्या रानावर आपली चूल पेटती." त्या दिवशी मला सरांपेक्षा बाचा जास्त राग आला.

माघात पाटलाच्या थोरल्याचं लग्न निघालं. बा वाजवायला. आई आणि मी उष्ट्या पत्रावळ्या उचलायला. सर फेटा बांधून खुर्चीवर बसलेले, शेजारी सांगलीहून आलेले पाहुणे. पत्रावळ्या हातात घेतलेली मी त्यांना दिसले. त्यांनी हाक मारली. ही माझी विद्यार्थिनी, इंग्रजी बोलते, असं पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांना मौज वाटली. सरांनी मांडवाच्या कडेला वाजवणाऱ्या बाच्या दिशेनं बोट केलं.

"सांग, आत्ता तुझा बाप काय करतोय? इंग्रजीत. चालू वर्तमानकाळ."

मला येत होतं. माय फादर इज बीटिंग द ड्रम. जिभेवर तयार होतं. म्हटलं असतं तर शाबासकी मिळाली असती, एखादा लाडूबी हातावर पडला असता. पाहुणे माझ्या तोंडाकडं बघत होते, माकड आता उडी मारंल म्हणून बघत्यात तसं.

"माय फादर इज नॉट बीटिंग द ड्रम."

"चूक," सर म्हणाले. "डोळे फुटले काय तुझे? वाजवतोय तो."

मी परत तेच म्हणाले. आता मोठ्यानं.

हलगी थांबली. बाला इंग्रजी कळत नव्हतं. पण आपल्याकडं बोट करून लेकीला काहीतरी विचारत्यात आणि माणसं हसत्यात, एवढं त्याला कळलं होतं. वाजव की रं, म्हणून पाटील ओरडला. बा हलला नाही.

"आवं मालक, माज्या पोरीला काय इचारलं, ते आदी मला मराठीत सांगा."

सर पानाला चुना लावत बसले. मग मीच सांगितलं. सूर्य सांगितला, गाय सांगितली, मांगासारखं हा शब्दबी सांगितला. बानं हलगी खांद्याला अडकवली. आईनं पत्रावळ्या होत्या तिथंच टाकल्या. आम्ही तिघं न जेवता निघालो. मागनं आईबहिणीवरनं शिव्या येत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या रानातलं काम बंद झालं. आईला बाकीचेबी बांधावर उभं करेनात. बा मिरजेला गेला, स्टेशनावर ओझी उचलायला लागला. पोरीच्या जिभेनं घर बुडवलं, असं वस्तीतलीच माणसं बोलायची. बा मला एका शब्दानं बोलला नाही.

शाळेत सरांनी दारातच अडवलं. आधी पाटलांची माफी माग, मग आत ये, म्हणाले.

"माफी मागणार नाही," मी म्हणाले. "शाळाबी सोडणार नाही."

"मग बाहेर उभी राहा."

राहिले. खिडकीचे गज धरून. सर मुद्दाम आवाज बारीक करून शिकवायचे. मी कान लावून ऐकायचे, ओठातल्या ओठात घोकायचे. ही भाषा त्यांना काय त्यांच्या आईनं दुधाबरोबर पाजली नव्हती. तेबी कुणाकडनं तरी शिकलेच होते. मग मीबी शिकणार. परीक्षेला बसणार. बघू कोण उठवतंय.

एक दिवस सरांनी खिडकी लावून घेतली. मी जाऊन दाराशी उभी राहिले. दार लावलं तर वर चढीन, कौलं उचकटीन. पण ही भाषा घेतल्याशिवाय इथनं हलायची नाही.