काट्याचा खोटा कौल

शाळेत तिला सगळे फटकळबाई म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून मान्य होतं. विज्ञान शिकवायचं तर जिभेवर साखर कशाला हवी? इतकी वर्षं ती लहान वर्गांना गंज आणि गाळणी शिकवत आली होती. आता वरच्या वर्गाची जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. त्यासाठीच मुख्याध्यापिका तिचा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या.

तिने विषयही दांडगाच घेतला. अणूच्या केंद्रातले कण एकमेकांना घट्ट धरून बसतात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते, आणि जाताना थोडं वस्तुमान घेऊन जाते. म्हणून बांधलेलं केंद्र सुट्या कणांच्या बेरजेपेक्षा हलकं भरतं. ते पुन्हा सुटं करायचं तर तेवढी ऊर्जा परत द्यावी लागते.

मुलींना समजावं म्हणून तिने दोन चुंबकं जवळ आणली. ती खट्कन चिकटली.

"हा आवाज म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा."

"मग बाई, ही पण हलकी झाली?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"झाली. पण इतकी कमी, की टेबलावरच्या या वजनकाट्याला कळायचं नाही. बघ हवं तर मोजून."

मुलीने चुंबकं आधी काट्याच्या ताटलीच्या दोन टोकांना ठेवून मोजली, मग चिकटवून. आकडा चक्क खाली आला! टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिकाही उठून टाळ्या वाजवू लागल्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत.

फटकळबाईला क्षणभर मोह झाला, नाही कशाला म्हणा. मग ती ओरडली, "थांबा! हे खोटं आहे."

तिने ताटलीवर जाड लाकडी ठोकळा ठेवला आणि त्याच्यावर चुंबकं ठेवून मोजली. सुटी काय, चिकटलेली काय, आकडा तोच. "काट्याच्या तळाला लोखंडी पत्रा आहे. सुटी चुंबकं त्याला जोरात ओढत होती. चिकटल्यावर ओढ आपसातच जिरली. खरी घट आत्ता कुणालाच दिसलेली नाही."

तास संपल्यावर मुख्याध्यापिकांनी तिला दाराबाहेर गाठलं. "अहो, गप्प बसला असतात तर वर्ग तुमचाच होता. आता निवड समितीला काय सांगू, प्रयोगात काही दिसलंच नाही म्हणून?"

"तेच सांगा." तिला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण आवाज हलला नाही.

तेवढ्यात आतून खडखडाट ऐकू आला. पुढच्या बाकावरची ती मुलगी काटा उलटा करून त्याचे स्क्रू काढत होती.

"अगं, काय चाललंय?" मुख्याध्यापिका ओरडल्या.

"बाई म्हणाल्या म्हणून काय झालं? पत्रा लोखंडीच आहे कशावरून?"

मुख्याध्यापिकांनी कपाळाला हात लावला. "घ्या बाई, वर्ग तुम्हीच घ्या. या पोरी आता दुसऱ्या कुणाला आवरायच्या नाहीत."