तिसऱ्या वाटीतला अर्धा सीसी

दतिया गेटजवळच्या आपल्या गॅरेजात विश्वंभरराव गोऱ्यांनी चाळीस वर्षं इंजिनं खोलली आणि पुन्हा जोडली. घराणं भिक्षुकीचं, झाशीत सात पिढ्या मुरलेलं. पण या माणसाला संध्येपेक्षा इंजिनाचा आवाज लवकर पाठ झाला. २०१४च्या हिवाळ्यात, बासष्टाव्या वर्षी, त्यांचा उजवा हात थरथरू लागला. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पाना डाव्या हातात आला, एवढंच.

त्याच सुमारास जवळच्या बबीना छावणीतले सुभेदार लक्ष्मण जगताप आपली टर्बोची पेट्रोल गाडी दोरीने ओढून घेऊन आले. वर्षापूर्वी ती तापली, तेव्हा कुणीतरी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून सपाट केलं होतं. तेव्हापासून चढावर इंजिन ठकठक ठोकायचं, आणि आता एक पिस्टन तडकला होता.

"नवे पिस्टन टाका काका, म्हणजे झालं," सुभेदार म्हणाले.

"टाकतो. पण जुना का तडकला, ते आधी बघू द्या."

विश्वंभररावांना अंदाज आला होता. हेडच्या खालच्या अंगाला प्रत्येक सिलिंडरवर एक वाटी असते. पिस्टन वर आला की हवा आणि पेट्रोल त्या वाटीत दाबलं जातं. हेड घासलं की वाटी उथळ होते आणि दाब वाढतो. साध्या इंजिनाने हे एक वेळ सोसलं असतं. टर्बो मात्र हवा आधीच दाबून आत कोंबतो. वर वाटीही उथळ असली, तर पेट्रोल अवेळी भडकतं, ठोका पडतो आणि पिस्टन तडकतो. म्हणून वाटीत नेमकी किती जागा उरली, ते मोजणं भाग होतं.

ते सिरिंजने वाटीत रॉकेल भरून मोजत. त्या दुपारी एकाच वाटीची तीन वेळा तीन मापं आली. चौथ्यांदा रॉकेल मनगटावरच सांडलं. ते स्टुलावर बसून राहिले. डबा घेऊन आलेल्या शारदाबाई, त्यांची बायको, दारात थांबल्या होत्या.

"आज सिरिंज जरा खराब आहे," ते म्हणाले.

"सिरिंज बरी आहे," शारदाबाई हळूच म्हणाल्या. "दिवाळीपासून मी तुमचा पेला अर्धाच भरते. लक्षात नाही आलं?"

आलं होतं. वयामुळे चहा कमी केला असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

शारदाबाईंनी मुलींच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली होती. दुसऱ्या दिवशी त्या ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेली काचनळी, आणि तिचा स्टँड घेऊन आल्या. विश्वंभररावांनी वाटीवर ग्रीस लावून भोकाची काच बसवली. शारदाबाईंनी डोळे काचनळीतल्या रॉकेलच्या पातळीला आणले आणि तोटी किंचित सोडली. शेवटचा बुडबुडा गेला तशी ती मिटली.

"अठ्ठावीस."

चारही वाट्यांत तीस सीसी हवं होतं. तीन वाट्या अठ्ठावीसच्या निघाल्या, तिसरी साडेसत्तावीसची. दाबाचं जे प्रमाण साडेनऊला एक असायचं, ते दहाच्या घरात गेलं होतं.

"मग हेडखाली जाड गॅस्केट घाला की," शारदाबाई म्हणाल्या. एवढं ऐकून ऐकून त्यांना ठाऊक होतं.

"दाब उतरेल. पण पिस्टन आणि हेड यांत फट वाढते, पेट्रोल नीट जळत नाही, आणि ठोका तसाच राहतो. त्यापेक्षा डोक्यावर दोन सीसी जास्त खोलगट असलेले पिस्टन मागवू. नवे घ्यायचेच आहेत."

राहिला तिसऱ्या वाटीतला अर्धा सीसी. तो घासून काढायचा होता, आणि जरा जास्त घासलं की हेड वाया. विश्वंभररावांनी बारीक कानस उचलली, हाताकडे पाहिलं आणि ती बायकोपुढे धरली.

"तूच कर. कुठे घासायचं ते मी सांगतो."

दोन दिवस ते बोट दाखवत होते आणि शारदाबाई घासत होत्या, पुसत होत्या, पुन्हा मोजत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अठ्ठावीस," आणि विश्वंभरराव इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

गाडी पंधरा दिवसांनी गेली. सुभेदारांचा फोन आला, चार माणसं बसवून चढ चढलो, ठोका नाही. त्याच आठवड्यात विश्वंभरराव पहिल्यांदा डॉक्टरकडे गेले. शारदाबाई बरोबर होत्या. औषधाने कंप थोडा उतरला, गेला नाही. गॅरेज मात्र आणखी सहा वर्षं चाललं, आणि टर्बोची गाडी घेऊन येणारे आल्या आल्या विचारत, "भैयाजी, भाभीजी कितने बजे आएँगी?"