मानोऱ्याची चढण आणि पितळी नळी

परवा आमच्या नातवानं त्याच्या ट्रकच्या इंजिनाला कसलीशी चकचकीत डबी बसवून आणली. स्वस्तात मिळाली म्हणे, अन् गाडी आता वाऱ्यासारखी पळणार. मी विचारलं, "बापा, शिट्टी वाजते का तिची?" तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हातारी चळली असं वाटलं असेल त्याला. त्याला काय ठाऊक, अशा डब्या-नळ्यांच्या बाबतीत मी त्याच्यापेक्षा मुरलेली आहे!

माझं लग्न झालं एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या त्या वर्षांत, आसेगावात. आमच्या यजमानांकडं लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात निघालेला जुना ट्रक होता. हँडल मारल्याशिवाय सुरू व्हायचा नाही, अन् सुरू झाला की अख्ख्या गावाला कळायचं. बाजारच्या दिवशी हा ट्रक मानोऱ्याला जायचा. मागं धान्याची पोती, पोत्यांवर माणसं. माझं माहेर मानोऱ्याच्या पुढं, अगदी जवळ. बैलगाडीनं जायचं तर दिवस मोडायचा, अन् ऐन कामाच्या दिवसांत सुनेच्या माहेरासाठी बैलजोडी कोण सोडतो? ट्रक होता म्हणून महिन्यातून एखाद्या बाजाराला आईचं तोंड दिसायचं. बाकीच्या बायका देवाला हात जोडायच्या, मी जाता-येता ट्रकच्या मडगार्डाला हात लावून घ्यायची. हसा खुशाल!

पण या ट्रकला एक खोड होती. मानोऱ्याच्या अलीकडं एक चढण लागते. तिथं आला की गडी धापा टाकायचा. मग रिवाजच पडला होता. चढण आली की सगळ्यांनी खाली उतरायचं, गड्यांनी मागून हात लावायचा, एकानं चाकामागं सरकवायला दगड घेऊन चालायचं. लेकुरवाळ्या अन् म्हाताऱ्या तेवढ्या वर. लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट पाय मोकळे व्हायचे, विड्या ओढून व्हायच्या.

वाटायचं ते माझ्या सासऱ्यांना. बैलांवर जीव असलेला माणूस. एका संध्याकाळी ओसरीवर त्यांनी यजमानांना सुनावलंच, "लेका, लोकं गाडीत बसाले येतात का गाडी ढकलाले? असली गाडी कायले पायजे? इकून टाक अन् बैल घे."

"बाबा, चढनीचंच तेवढं हाये," हे म्हणाले.

"मंग पुढच्या बाजाराले मी सोता बसतो सामोर. भरल्या गाडीनं चढन चढली, एकही मानूस खाली नाई उतरला, तर ठेव. नाई तर इकाची."

मी आत भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर न पडता चुलीत पडली. ट्रक गेला म्हणजे माझं माहेर गेलं, इतकं सरळ होतं ते.

यजमान मात्र दोन दिवसांत कारंज्याहून फुलून आले. तिथल्या बाजारात एक विकणारा भेटला होता. त्यानं यांच्या गळ्यात एक पितळी नळी मारली होती, आत पंख्यासारखी बारीक पाती. "अवं, हे कार्बोरेटरच्या खाली बसवाची," हे मला अंगणात समजावून सांगत होते, "हवा गरगर फिरून आत जाते, इंजिनाले दुप्पट जोर येते. अन् पेट्रोल अर्धं!"

"एवढ्याशा नळीनं?"

"तुले काय समजते!"

दोन बोल्ट आवळले, हँडल मारलं, अन् माय वो! काय ती शिट्टी! कुत्री शेपूट घालून पळाली, शेजारची म्हैस दावं तोडून गेली. यजमान छाती काढून उभे. सगळा गाव म्हणाला, आता जोर आला. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, याबद्दल आमच्या आसेगावात कोणाच्या मनात शंका नव्हती. खोटं कशाला बोलू, माझ्याही नव्हती.

बाजारचा दिवस उजाडला. सासरे धुतलेलं धोतर नेसून केबिनमध्ये, ट्रक चालवणाऱ्या यजमानांच्या शेजारी बसले. केबिनच्या मागच्या अंगाला फळी ठोकलेली, त्यामुळं पुढच्यांना मागचं काही दिसायचं नाही. मागं आम्ही बायका, गडीमाणसं, अन् मंगरूळचे बांगडीवाले चाचा त्यांची टोपली घेऊन. शिट्टी वाजवत ट्रक निघाला. सपाटीवर काय मजा आली! पोरं शेतातून धावत यायची, आम्ही हात हलवायचो.

मग चढण आली. शिट्टी आधी बारीक झाली, मग किरकिरायला लागली, तान्ह्या लेकरासारखी. ट्रक धापा टाकू लागला. चाक मुंगीच्या पायानं सरकत होतं. आता थांबणार, हे आम्हा सगळ्यांना कळलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, अन् मी काय करते हे मलाच कळलं नाही. पदर खोचला, ट्रकच्या मागच्या फळीवरून पाय टाकला अन् धाडकन खाली उडी मारली. घरात डोईवरचा पदर ढळू न देणारी मी, नवी सून!

"उतरा ना वो माय, उतरा! बोलू नोका फक्त!" मी हातानं खुणावलं.

एका क्षणात सगळी जत्रा खाली. कोणी हूं की चूं केलं नाही. गड्यांनी हात लावला, बायकांनी लावला, मी तर जीव खाऊन रेटत होते. ट्रकनं उसासा टाकला अन् चालू लागला. शिट्टीला पुन्हा कंठ फुटला! पुढून यजमानांचा आवाज, "पाहा बाबा, पाहा! कसा जोर धरला!" आम्हाला हसू आवरेना, तोंडात पदराचे बोळे कोंबून आम्ही ढकलत होतो. माझ्या हिरव्या बांगड्या मागच्या फळीवर आपटून एकेक करून वाढत होत्या. चाचा टोपली डोक्यावर घेऊन शेजारून चालत कुजबुजले, "फिकर मत कर बेटी, नयी भर दूँगा. तू ढकेल!"

माथ्याजवळ चढ ओसरला तसे आम्ही एकमेकांना ओढत पुन्हा वर चढलो. पोत्यांवर असे बसलो, जणू हललोच नव्हतो.

वर गेल्यावर सासरे खाली उतरले. ट्रकला एक चक्कर मारली. मागं येऊन आमच्याकडं पाहिलं. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, सगळ्यांच्या तोंडावर घाम. मग त्यांची नजर माझ्या हातांवर थांबली. एका मनगटावर एकच बांगडी उरली होती, दुसरं रिकामं. मी हात पदराखाली घेतले. आता संपलं, असं वाटलं.

सासरे चाचांच्या टोपलीकडं वळले. मग म्हणाले, "चाचा, माह्या सुनेचे हात भरा. चांगल्या हिरव्या भरा." अन् यजमानांकडं वळून, "ट्रक राहू दे."

मी त्या दिवशी माहेरी आईच्या गळ्यात पडून हसले किती अन् रडले किती! यजमान मात्र वाटेत भेटेल त्याला नळीचं गुणगान सांगत होते. मी हूं म्हणत होते.

पुढच्या बाजाराला सासरे पुन्हा केबिनमध्ये बसले. ट्रक शिट्टी वाजवत निघाला, चढण आली, शिट्टी किरकिरली. मी पदर खोचून उडीच्या तयारीत. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. सासरे स्वतः खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला अन् चालत मागं आले. यजमानांनी मान बाहेर काढली. "बाबा, कायले उतरले? नळी हाये ना!" मग त्यांनी मागं पाहिलं, आम्हा सगळ्यांची तोंडं पाहिली, अन् त्यांच्या डोक्यात काय तो उजेड पडला. बिचाऱ्यांचा चेहरा!

सासऱ्यांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. मागच्या फळीला दोन्ही हात लावले अन् मला म्हणाले, "तू बसून राह्य, पोरी. बांगड्या वाढतीन तुह्या. मी मारतो धक्का."