खताकडून निघालेला बाण

पटलेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीचे भूगोलाचे पेपर तपासत होतो. केशोरीच्या एकाच शाळेत आम्ही बरीच वर्षं शिकवलं. त्या विज्ञान, मी भूगोल. आजारपणात त्या तिरोड्याला मुलीकडे होत्या. भेटून येऊ, येऊ म्हणत राहिलो... जाणं झालंच नाही.

एका प्रशिक्षणातून बाई संकल्पना नकाशा शिकून आल्या होत्या. मुलांना मोजके शब्द द्यायचे. त्यांनी ते कागदावर मांडून बाणांनी जोडायचे आणि प्रत्येक बाणावर संबंध लिहायचा. "पेपरात पाठांतर दिसते सर, यात डोक्यातलं चित्र दिसते," त्या म्हणायच्या. एकदा सातवीला शब्द दिले: पान, मूळ, सूर्यप्रकाश, खत, अन्न. याच मुलांनी चाचणीत प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या घडाघडा लिहिली होती. नकाशात मात्र जवळपास सगळ्यांचा बाण खताकडून अन्नाकडे गेलेला. पानाला अन्नाशी कुणी जोडलंच नव्हतं.

चेहरा उतरलेल्या बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "हे माझंच वाक्य आहे, सर. सोपं करायच्या नादात मीच सांगत आले, खत म्हणजे धानाचं जेवण."

"जाऊ द्या ना, मार्क तर पडले," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या दहावीच्या वर्गात गेल्या, आपल्या जुन्या विद्यार्थ्यांकडे. तिथेही तोच बाण निघाला. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," एवढं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले. एक मुलगी उठली, "बाई, तुम्ही काऊन रडून राहिल्या? आता सांगा न बराबर." बाईंनी धडा पहिल्यापासून घेतला. तेव्हापासून आजारी पडेपर्यंत प्रयोगशाळेत प्रत्येक वर्गाकडून नकाशे काढून घ्यायच्या आणि आपली चूक निघाली की मुलांना तसं सांगून टाकायच्या. पुढे आठवडी बाजारात जुना विद्यार्थी दिसला, की पिशवी खाली ठेवून विचारायच्या, "झाड जेवण कुठं बनवते रे?" मी ओशाळून पुढे निघून जायचो.

"तुमच्या भूगोलाचाही नकाशा काढून पाहा," असं त्या मला कितीदा म्हणाल्या. मी वेळ नाही म्हणायचो. खरं तर भीती वाटायची.

गेल्या आठवड्यात सातवीला बाईंच्या प्रयोगशाळेत बसवलं आणि शब्द दिले: सूर्य, पृथ्वी, कललेला आस, उन्हाळा. पहिलाच कागद उचलला. सूर्याकडून उन्हाळ्याकडे बाण, त्यावर लिहिलेलं, 'पृथ्वी जवळ जाते म्हणून'. शेकोटीजवळ गेलं की जास्त शेक लागतो, हे उदाहरण माझंच. बाकीचे कागदही तसेच; आसाला कुणी हातही लावला नव्हता.

बाईंना सांगावं म्हणून मोबाईल काढला... आणि तसाच खिशात ठेवला.

"ऐका रे," मी म्हणालो, "शेकोटीचं मी सांगितलं होतं ना, ते चूक आहे."

मुलांनी शांतपणे कागद पालटले आणि पेन्सिली उचलल्या. त्या खोलीत शिक्षकानं असं म्हणणं त्यांना नवीन नव्हतं.