‘जेवून या’ साहेब

मी शेअर कांद्यासारखे विकले. आता हे हसत लिहिते. तेव्हा चार महिने घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. माझं माहेर देवळ्याचं. भाव उतरू लागला की कांदाचाळीत साठवलेला कांदा त्याच दिवशी बाजारात न्यायचा, नाहीतर त्याला कोंब फुटणार, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेवढ्या ज्ञानावर मी चाळिशीत शेअरबाजारात उतरले. स्वतःला फार हुशार समजत होते.

मला अडवून पाहिलं ते नाशिक रोडच्या आमच्या पतसंस्थेच्या मॅनेजरांनी. सगळी कॉलनी त्यांना ‘जेवून या’ साहेब म्हणायची. मुदतीआधी ठेव मोडायला कुणी आलं, की ते पावती हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "जेवून या." जेवूनच आलोय म्हणणाऱ्याला चहा पाजून अर्धा तास बाकावर बसवायचे. संस्थेच्या नियमांत असलं काही नव्हतं. परत आलेल्याला मात्र एका शब्दानं न अडवता पैसे मिळत. एक गृहस्थ मेव्हण्याच्या हॉटेलात पैसे घालायला निघाले होते. जेवायला गेले ते थेट दिवाळीच्या शुभेच्छा द्यायलाच उगवले.

शिकवण्यांच्या पैशांतून साठवलेल्या माझ्या दोन पावत्या तिथे होत्या, लेकीच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी. भिशीतल्या बायका साड्यांऐवजी शेअरचे भाव बोलू लागल्या, तेव्हा मी दोन्ही मोडायला गेले. साहेबांनी अर्थातच जेवायला पाठवलं. रागारागानं घरी येऊन वरणभात गिळला, परत गेले आणि का कोण जाणे, एकच पावती पुढे केली. त्या पैशांत सातपूरच्या एका कारखान्याचे शेअर घेतले.

सहा महिन्यांनी बाजार पडला. टीव्हीवर सगळे आकडे लाल. मी भाजीखालचा गॅस बंद केला आणि तशीच एजंटकडे निघाले. साहेब पतसंस्थेच्या पायरीवर उभे होते. कुठे निघालात म्हणाले, तर मी त्यांना कांद्याचं सगळं शास्त्र ऐकवलं. ते सटाण्याचे, कांद्याच्याच मुलखातले, म्हणजे हे त्यांना ऐकवणं किती आवश्यक होतं बघा.

"ताई, तुमच्या कारखान्याची बस आज कामगारांना घेऊन गेली का?"

गेली होती. आमच्याच दारावरून गेली होती.

"मग कारखाना चालू आहे. आज सगळे एकदम विकायला निघालेत, म्हणून भाव पडलाय. काही कंपन्या खरंच बुडतात, ते वेगळं. पण शेअरला कोंब फुटत नाही. जेवून या, मग जा."

जेवेपर्यंत आणखी पडेल, असं सांगून मी गेले. निम्म्या भावात सगळं विकून आले, तेही विजयी मुद्रेनं. बाजार हळूहळू सावरला. दोनेक वर्षांत तोच शेअर माझ्या खरेदीच्याही वर गेला. ती बस रोज दारावरून जायची आणि मी तोंड फिरवायची.

लेकीचा प्रवेश त्या न मोडलेल्या पावतीवर झाला. साहेब पुढे निवृत्त होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. आता नात पुण्यात नोकरी करते, मोबाईलवर शेअर घेते. बाजार पडला की तिचा फोन येतो आणि मी आधी विचारते, जेवलीस का? तिला वाटतं, आजीची माया.

विक्रीनंतरचे ते चार महिने मी पतसंस्थेचा रस्ता टाळून मागच्या गल्लीनं भाजीला जात होते. शेवटी एका दुपारी उरलेले पैसे ठेवायला गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. साहेबांनी नवी पावती लिहिली, शिक्का मारला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, बाजार पडला ती तुमची चूक नाही. कांद्यासारखं विकलंत, ती माहेरची सवय. पण उपाशीपोटी गेलात, ती चूक मात्र तुमची. बसा, डब्यात दोन भाकरी आहेत."