तीन पायऱ्यांपुरता उजेड: बाबांसोबत वारजे ते नागपूर

नागपूरला जायचं ठरलं ते आमच्या वारज्याच्या घरात, सकाळच्या चहाला, आणि कप रिकामे व्हायच्या आत जवळजवळ मोडलंसुद्धा.

"येतो," बाबा म्हणाले. "पण एक अट आहे. त्या तुझ्या गाडीतून मला हात धरून उतरवायचं नाही. तसंच करायचं असेल तर कुरिअरने पाठव. सामान उतरवून घेतात ते लोक."

बाबा म्हणजे माझे वडील. मूळचे वाशीमकडचे, पण खडकीला कारखान्यात वायरमन म्हणून आयुष्य गेलं, आणि पुण्याचा तिरकसपणा त्यांनी पेन्शनसोबत पदरात पाडून घेतला. त्यांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलंय. भर उजेडात पेपर वाचतात, पण दिवस कलला की त्यांना पायरी आणि जमीन एकच वाटते. उन्हाळ्यात भोरच्या बाजूला गेलो होतो तेव्हा संध्याकाळी गाडीतून उतरताना ते पडले. हाड वाचलं. त्या दिवसापासून मी त्यांचा दंड धरायला लागले. घरात, जिन्यात, बँकेत, सगळीकडे. ते दर वेळी झटकून टाकायचे आणि मी दर वेळी पुन्हा धरायचे.

गाडीबद्दलही सांगते. शाळेची जुनी व्हॅन घेऊन मी तिचा कॅम्पर करून घेतला. दोन बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि बाजूच्या दाराला घडीच्या तीन लोखंडी पायऱ्या. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, घरून काम सुरू झालं तेव्हा हे खूळ डोक्यात शिरलं. नवऱ्याला रजा नव्हती, त्यामुळे या वेळी आम्ही दोघंच, बाप-लेक. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनी जायचं होतं. आई गेल्यापासून बाबा तिकडे गेले नव्हते, आणि या वर्षी त्यांनीच विषय काढला होता. "अजून दिसतंय तोवर," एवढंच म्हणाले.

अटीवर तोडगा मला सुचला: कॅम्परला बाहेरून एलईडी पट्टी. परदेशी व्हिडिओंमध्ये असते ना, टपाच्या कडेने सबंध गाडीभर झगमगणारी, तशी. पिवळसर प्रकाशाची पाच मीटरची, पाण्याला दाद न देणारी गुंडाळी मागवली आणि कात्रजच्या सोपान मिस्त्रींकडे वेळ घेतली. गाड्यांचं वायरिंग करणारा हा माणूस माझ्या कॅम्परची नस न् नस ओळखतो. त्यांना नवमीला सकाळी येते म्हणाले, त्यांनीही घाईत "या" म्हटलं.

इथे माझी चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते. मी दशमीपासून उलटं मोजत गेले. दशमीला नागपूर, म्हणजे नवमीला निघायचं, म्हणजे नवमीलाच सकाळी पट्टी. आमच्याकडे दशमीचा दिवस अशोक विजयादशमीचा, त्याच्या आदल्या दिवसाला काही खास नाव नाही. बाकीच्या पुण्यात मात्र त्या दिवशी खंडेनवमी असते. ऑफिसात लॅपटॉपना झेंडूची फुलं वाहतात, मी दर वर्षी पेढा खाते, तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मिस्त्रींच्या दुकानात पोचलो तर फरशीवर धुतलेली चादर, आणि तिच्यावर पक्कड, मीटर, ड्रिल, सोल्डरिंगची गन, स्क्रू ड्रायव्हर असे ओळीने झोपलेले. प्रत्येकाला हळद-कुंकू, वर झेंडू.

"ताई, फोनवर ध्यानातच न्हाई आलं बगा," मिस्त्री ओशाळून म्हणाले. "आज हत्याराला हात लावत न्हाई मी. वरीसभर राबत्यात, आज त्यांची सुट्टी हाय. परवा या, धा मिनटात करून देतो."

परवा येऊन काय उपयोग? मी बाबांकडे पाहिलं. आता हे "बरं झालं" म्हणणार आणि घरी चला म्हणणार, अशी माझी खात्री होती.

"तुमची हत्यारं सुट्टीवर आहेत," बाबा म्हणाले. "माझी नाहीत." आणि त्यांनी सीटखालून आपली कारखान्यातली खाकी पिशवी ओढून काढली. ती त्यांनी घरातून गुपचूप आणली होती. प्रवासाला निघताना लोक औषधं विसरतात, बाबा पक्कड विसरत नाहीत.

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला. "गाडी सावलीत घ्या मग. आन् त्यो बोर्ड भिंतीतला हाय, त्याला कुंकू लावलेलं न्हाई. लावा तुमची गन त्याला."

असं आमचं काम सुरू झालं. बाबांच्या हातांना सगळं येत होतं, पण डोळे साथ देत नव्हते. मिस्त्रींना सगळं दिसत होतं, पण हात बांधलेले. ते स्टुलावर बसून सांगायचे, "डावीकडं... आजून बोटभर खाली... हां, हितंच." मला दोघांनी मिळून टॉर्च धरायचं काम दिलं.

सुरुवातच वादाने झाली. मी पट्टी टपाला लावायला निघाले तर बाबांनी विचारलं, "वरची पट्टी कोणासाठी?"

"छान दिसते ना."

"लांबून बघणाऱ्याला. मला गाडी बघायची नाहीये, पायरी बघायची आहे."

मिस्त्रींनी मान डोलावली. "वरातीची गाडी दिसंल ताई."

खरंच, मी बाबांसाठी म्हणून घेतलेली पट्टी माझ्या फोटोंसाठी लावायला निघाले होते. ती खाली गेली. तुम्ही कधी लावणार असाल तर ऐका: पट्टी प्रत्येक पायरीच्या कडेखाली, तोंड जमिनीकडे करून लावा. दिवा डोळ्यांना दिसता कामा नये, फक्त पायरी दिसली पाहिजे, नाहीतर कमी दिसणाऱ्या माणसाचे डोळे उलट दिपतात. आधी पत्रा स्पिरिटने पुसून कोरडा करा, पुसला नाही तर चिकटपट्टी पहिल्याच खड्ड्याला सुटते. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. आणि जोडणी अशी करा की इंजिन सुरू असताना पट्टी पेटणारच नाही. रस्त्यावर असे दिवे लावून फिरणं नियमात बसत नाही, आणि मागच्या गाडीवाल्याची फसगतही होते. सामान सगळं मिळून दीड हजाराच्या आत येतं.

पट्टी कुठेही कापता येत नाही. दर तीन दिव्यांनंतर तांब्याची बारीक खूण असते, तिथेच कात्री लावायची. बाबांनी पहिला तुकडा कापला, वायरीला सोल्डरचा डाग दिला, बटण दाबलं. पेटलाच नाही. मिस्त्री वाकून बघायला लागले, त्याआधीच बाबांना कळलं होतं. खूण सोडून कापलं गेलं होतं. नुकसान वीतभर पट्टीचं, म्हणजे काहीच नाही. पण चाळीस वर्षं वायरी जोडलेल्या माणसाने कात्री खाली ठेवली, रुमालाने हात पुसले आणि सांगितलं, "तू जाऊन ये नागपूरला. मी रिक्षाने घरी जातो."

मी नेहमीसारखा त्यांचा दंड धरला आणि त्यांनी नेहमीसारखा झटकला.

मिस्त्री स्टुलावरून उठले. कात्री बाबांची होती, पण त्या दिवशी मिस्त्रींनी कुठल्याच हत्याराला हात लावायचा नव्हता. त्यांनी बाबांच्या हाताला लावला. पट्टीवरचं रबरी आवरण थोडं मागे सारलं, बाबांचं बोट धरून पट्टीवरून पुढे नेलं. "डोळ्यानं बगू नका, काका. नखानं बगा. हितं सपाट... हितं सपाट... आन् हितं बारीक उंचवटा लागतूय का?"

"लागतोय."

"हीच खूण. धरा नख तसंच, आन् कात्री नखाला टेकवा."

पुढचे तिन्ही तुकडे बाबांनी कापले. मिस्त्रींचा हात त्यांच्या हातावर होता आणि त्यांनी तो एकदाही झटकला नाही. मला खूप लागलं ते, खोटं कशाला बोलू. इतके महिने माझा हात का चालला नाही? गाडी चालवताना पुढे कितीतरी किलोमीटर मी त्याचाच विचार करत होते. मिस्त्रींनी हात धरला तो काही करता यावं म्हणून. मी धरत होते तो त्यांनी काही करू नये म्हणून.

अडीचच्या सुमारास निघालो. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. हडपसर ओलांडून मांजरीच्या बाजूने नगर रस्त्याला लागलो. मांजरीला उसाचे फड अजून आहेत, पण मधूनमधून चौदा मजली इमारती उगवल्यात. बाबा म्हणाले, "उसाला पाणी यांचं की यांना उसाचं?" वाघोलीच्या गर्दीने तासभर खाल्ला. नगर ओलांडल्यावर दिवस मावळला, आणि संभाजीनगरच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात गाडी लावली.

बाबांनी दाराजवळचं बटण दाबलं. तीन पायऱ्या खालून उजळल्या, जमिनीवर चटईएवढा पिवळा उजेड पडला. मी आधीच खाली उतरले होते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले, कारण ते आपोआप पुढे जात होते. बाबा दाराची दांडी धरून एक पायरी उतरले, थांबले. दुसरी. थांबले. तिसरी. जमिनीवर उभे राहून त्यांनी शर्ट नीट केला.

"शेवभाजी मिळते का विचार," ते म्हणाले. मिळाली, झणझणीत. भाकरीही गरम होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच समृद्धी महामार्गाला लागलो. रस्ता सरळ, त्यामुळे डुलकीची भीती. दर दीड तासाने थांबा आणि खाण्याचं सोबत ठेवा. नागपुरात दुपारी पोचलो. गाड्या बऱ्याच अलीकडे थांबवतात, पुढे चालावं लागतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आणि रस्त्याच्या दुतर्फा मोफत जेवण वाढणारे. प्रत्येक जण "जय भीम" म्हणतो आणि ताट पुढे करतो. पुस्तकांचे ठेले तर संपतच नाहीत. पैसे त्यासाठी राखून ठेवा.

दिवेलागणीला गाडीपाशी परतलो तर शेजारी मंगरुळपीरकडच्या पाच-सहा बायका सतरंजी टाकून बसल्या होत्या. बाबांनी पट्टी पेटवली. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई औषधांची पिशवी घेऊन उजेडात सरकल्या.

"दादा, गोयी शोधतो माही. बसू काय इथं?"

"बसा ना, बाई. लाईट त्यासाठीच आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांची बोली क्षणात वाशीमला जाऊन पोचली. "कुठच्या व्हय तुम्ही?" मग तासभर गावं, नाती, कोणाची सोयरीक कुठे झाली. मी त्यांना इतकं बोलताना आई गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकलं.

स्तूपाकडे जायला निघालो तेव्हा गर्दी दाटली होती आणि तिथे आमची पट्टी नव्हती. मी हात पुढे केला नाही. बाबांनी माझा खांदा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. "तू पुढे चाल. घाई करू नको. खड्डा आला तर सांग." मी चालले. मी त्यांना धरलं नव्हतं, त्यांनी मला धरलं होतं. आत त्यांनी किती पाहिलं, किती दिसलं, मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे ओले होते आणि माझेही.

परत येऊन आता तीन आठवडे झाले. मध्ये डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की नजरेचा घेर आणखी आत आला आहे. थेंब बदलले, पण गेलेलं परत येत नाही. म्हणजे एक दिवस ती पट्टीही पुरणार नाही. हे मला घरी आल्यावर संध्याकाळी उमगलं. बाबांना बहुधा आधीच ठाऊक होतं.

काल रविवार. सकाळी दहाचं लख्ख ऊन. बाल्कनीत कपडे वाळत घालताना खाली पार्किंगमध्ये कॅम्परचं दार उघडं दिसलं. पट्टी बंद होती. बाबा पायऱ्या उतरत होते, डोळे मिटून. तळपायाने कड चाचपायची, टाच टेकवायची, मग दुसरा पाय. जमिनीवर आले की वळून वर. पुन्हा खाली. चौथ्या खेपेला त्यांचा पाय सटकला. माझ्या हातातला ओला टॉवेल खाली पडला आणि मी दाराकडे धावले, चप्पल घातली, कडीला हात घातला.

मग थांबले. बाल्कनीत परत आले. बाबा दांडीला धरून उभे होते, डोळे अजून मिटलेले. त्यांनी पाय पुन्हा पायरीवर ठेवला, अंगठ्याने कड शोधली आणि ते वर चढले.